विकिपीडियावर भांडण झालं तर आधी समासात लिहा

मुद्रितशोधक म्हणून मी सत्तावीस वर्षं काढली. शुक्रवार पेठेतल्या एका बोळात छापखाना होता. खाली यंत्रं, वर माळ्यावर आम्ही दोघी, आणि पुढ्यात गॅली प्रूफांची, म्हणजे छपाईआधी तपासायच्या कच्च्या छापील कागदांची, चळत. पहिल्याच आठवड्यात तिथल्या जुन्या माणसांनी मला एक गोष्ट शिकवली. खिळा, म्हणजे छपाईतलं अक्षर, चुकला असेल तर लाल शाईनं सरळ दुरुस्त करायचा. पण लेखकाचं म्हणणंच चुकलंय असं वाटलं तर मजकुराला हात लावायचा नाही. समासात पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह काढायचं, बाजूला दोन शब्दांत शंका लिहायची आणि प्रूफ लेखकाकडे धाडायचं. "तुझं बरोबर असेलही," ते म्हणाले होते, "पण पुस्तक त्याचं आहे."

विकिपीडियावर पुस्तक कुणाचंच नसतं. सगळ्या भांडणांचं मूळ तिथेच आहे.

निवृत्तीनंतर भाच्यानं मला खातं उघडून दिलं. तेव्हापासून दुपारचा चहा झाला की तास-दीड तास मराठी विकिपीडियावर बसते. या काळात मी स्वतः भांडले, एकदा चोवीस तासांची बंदी भोगली, आणि पुढे इतरांची बरीच भांडणं मिटवली. नवे संपादक अधूनमधून विचारतात, "मावशी, अमक्यानं माझं सगळं उडवलं, आता काय करू?" प्रत्येकाला वेगळं सांगत बसण्यापेक्षा एकदाच लिहून ठेवते. मी प्रचालक नाही. मला कुणाचं खातं बंद करता येत नाही की पान सुरक्षित करता येत नाही. त्यामुळे खाली सांगितलेलं जवळजवळ सगळं कुठल्याही साध्या सदस्याला जमण्यासारखं आहे.

आधी माझी बंदी

एका लेखात शनिवारवाड्याचा ओझरता उल्लेख होता. "वाडा १७३२ मध्ये बांधला" असं वाक्य. मी पुण्यात जन्मलेली, शाळेपासून १७३० ऐकलेलं. मी आकडा बदलला. संध्याकाळी बघते तर पुन्हा १७३२. मी पुन्हा १७३०. रात्री जेवणं आटोपून बसले तर परत १७३२, आणि खाली शेरा: "कृपया अभ्यास करून यावे." हा शेरा वाचून माझ्या डोक्यात तिडीक गेली. पुण्यात आम्ही दारावर पाट्या लावतो तशी ही पाटी होती, आणि पाटीला उत्तर पाटीनंच द्यायचं हे आमच्या रक्तात आहे. मी लिहिलं, "अभ्यास झाला आहे, आपण चष्मा बदलावा." मध्यरात्रीपर्यंत असे चार-चार फेरे झाले. सकाळी दोघांचीही खाती चोवीस तासांसाठी गोठवलेली. एका प्रचालकांनी दोन ओळींत कारण दिलं होतं, संपादन युद्ध. कोण बरोबर याबद्दल अवाक्षरही नव्हतं, आणि मला राग त्याचाच जास्त आला.

त्या सक्तीच्या सुट्टीत पुस्तक उघडून बसले. शनिवारवाड्याची पायाभरणी १० जानेवारी १७३० ची आणि वास्तुशांत २२ जानेवारी १७३२ ची. म्हणजे आकडे दोन्ही खरे. खोटं होतं ते "बांधला" हे क्रियापद. पाया घातला तेव्हा बांधला म्हणायचं की राहायला गेले तेव्हा? आम्ही दोघं रात्रभर आकड्यावर भांडत होतो आणि चोर शेजारच्या शब्दात बसला होता. बंदी उठल्यावर मी चर्चापानावर दोन्ही तारखा लिहिल्या, लेखात वाक्याची दोन वाक्यं करायची का, असं विचारलं. समोरच्यानं तासाभरात लिहिलं, "चालेल." बस, एवढंच.

तेव्हापासून आकड्याचा वाद आला की मी आधी क्रियापद तपासते. धरण "बांधलं" कधी, संस्था "सुरू झाली" कधी, मासिक "निघालं" कधी. नोंदणीची तारीख एक असते, पहिल्या सभेची दुसरी, उद्घाटनाची तिसरी. निम्मे वाद वाक्य फोडलं की फुटतात.

हात आवरायचा, मग इतिहास वाचायचा

कुणी तुमचा मजकूर उलटवला, म्हणजे तुमचा बदल काढून आधीचा मजकूर परत आणला, की पहिलं काम म्हणजे पुन्हा न उलटवणं. इंग्रजी विकिपीडियावर यासाठी पक्का नियम आहे. एका पानावर चोवीस तासांत तीनपेक्षा जास्त वेळा दुसऱ्याचे बदल उलटवले तर बंदी येऊ शकते. पण तीन वेळा उलटवण्याचा हक्क आहे, असा त्याचा अर्थ लावू नका. भांडण पेटायला एकदा उलटवणंही पुरेसं असतं. तुमचा मजकूर कुठे जात नाही. पानाच्या इतिहासात प्रत्येक आवृत्ती जशीच्या तशी जपलेली असते. छापखान्यात चुकीचा फॉर्म छापला गेला की कागद वाया जायचा, इथे काहीच वाया जात नाही. रात्रभर लेख चुकीचा राहिला तर राहू दे.

मग "इतिहास" उघडा आणि शांतपणे खालून वर वाचा. वाक्य पहिल्यांदा कुणी घातलं, संदर्भ केव्हा जोडला, मध्येच कुणी तो काढला का. कितीदा असं होतं की ज्याच्यावर तुम्ही चिडलात त्यानं तुमच्या वाक्याला हातच लावलेला नसतो. त्यानं मागच्या कुणाची तरी घाण साफ करायला जुनी आवृत्ती आणली आणि तुमचा परिच्छेद त्यात वाहून गेला.

इथे नव्या माणसांची एक हमखास फसगत होते, ती सांगते. इतिहासात प्रत्येक बदलाच्या पुढे अधिक-उणे आकडा दिसतो. तो अक्षरांचा नसतो, बाइटांचा, म्हणजे संगणक ज्या मापानं मजकूर साठवतो त्याचा असतो, आणि देवनागरीतली प्रत्येक खूण, म्हणजे अक्षर, काना, वेलांटी, अनुस्वार, सगळं तीन-तीन बाइट खातं. उणे बाराशे दिसलं म्हणजे बाराशे अक्षरं उडाली नाहीत, चारशेच्या आसपास खुणा गेल्या, म्हणजे दोन-चार वाक्यं. एका मुलीनं मला हवालदिल होऊन निरोप टाकला होता की कुणीतरी तिचा अर्धा लेख खाल्ला. जाऊन पाहिलं तर एक परिच्छेद दुसऱ्या लेखात हलवला होता, आणि तसं सारांशात, म्हणजे बदल जतन करताना भरायच्या शेऱ्यात, लिहिलंही होतं.

सारांशाचा तो छोटा रकाना फार महत्त्वाचा. तिथे काय केलं आणि का केलं एवढंच लिहा. "संदर्भात साल वेगळं आहे, चर्चापान पाहावे." टोमणा नको. टोमणा इतिहासात कायमचा राहतो आणि पाच वर्षांनी तुम्हालाच वाचावा लागतो. माझी चष्म्याची ओळ अजून तिथेच आहे.

चर्चापान म्हणजे समास

प्रत्येक लेखाला चर्चापान असतं. त्याचा उपयोग समासासारखा करायचा, हीच माझी सगळी पद्धत. शंका लेखाबद्दल नाही, माणसाबद्दल नाही, एका वाक्याबद्दल लिहायची. "हा लेख एकांगी आहे" असं लिहिलंत की समोरचा चौदा मुद्दे घेऊन येतो. "तिसऱ्या परिच्छेदातलं दुसरं वाक्य" असं लिहिलंत की त्याला तेवढंच बोलावं लागतं.

मी साधारण असं लिहिते: "नमस्कार. 'वाडा १७३२ मध्ये बांधला' या वाक्यातल्या सालाबद्दल मला शंका आहे. मी वाचलं त्यात पायाभरणी १० जानेवारी १७३० ला झाली असं दिलं आहे. तुम्ही कोणता ग्रंथ पाहिलात, ते सांगाल का? तोवर मी वाक्याला हात लावत नाही." खाली चार नागमोडी खुणा टाकून सही. सगळी जादू शेवटच्या वाक्यात आहे. समोरचा माणूस पान पहाऱ्याच्या सूचीत, म्हणजे नजर ठेवायच्या पानांच्या यादीत, घालून, दर दहा मिनिटांनी ताजं करत, मुठी आवळून बसलेला असतो. तुम्ही हात लावणार नाही हे कळलं की तो उठून पाणी पितो.

संबोधनाचं बघा. वय कळत नाही, गाव कळत नाही, त्यामुळे सरसकट "तुम्ही". मला माझ्या वयामुळे पोरांना "अरे, तू" म्हणायची खोड आहे. ती चर्चापानावर चालत नाही, समोर कोण बसलंय कुणास ठाऊक. "आपण" मात्र जपून. इतर ठिकाणी "आपण" म्हणजे आदर असेल, पण भांडणाच्या मध्यावर एखाद्या पुणेकरानं "आपला व्यासंग दांडगा दिसतो" म्हटलं की त्याचा अर्थ सगळ्या महाराष्ट्राला कळतो.

आणि सद्भावना गृहीत धरा, असं विकिपीडियाचं एक जुनं सांगणं आहे. मी ते जरा खालच्या पट्टीत घेते. समोरचा भला माणूस आहे असं मानणं जमत नसेल तर निदान त्यानं वेगळं पुस्तक वाचलंय एवढं माना. बहुतेक वेळा तेच खरं निघतं.

समोरच्याचं पुस्तक तुम्ही वाचा

सगळ्यात लवकर वाद थंड करणारा उपाय कोणता, असं विचाराल तर हा. त्यानं दिलेला संदर्भ स्वतः जाऊन बघायचा आणि बघितल्याचं चर्चापानावर कळवायचं. पुण्यात राहणाऱ्यांना तर सबब नाही. नारायण पेठेत पुणे मराठी ग्रंथालय आहे, १९११ पासूनचं. पुणे नगर वाचन मंदिर त्याहून जुनं, १८४८ चं. इतिहासाचा विषय असेल तर सदाशिव पेठेतलं भारत इतिहास संशोधक मंडळ, वि. का. राजवाड्यांनी १९१० मध्ये सुरू केलेलं. संस्कृत, प्राच्यविद्या असेल तर १९१७ ची भांडारकर संस्था. मराठी विषयांवरची किती पुस्तकं अशी आहेत की ती इंटरनेटवर नाहीत, फक्त कपाटात आहेत. "मी उद्या जाऊन पृष्ठ बघून येते," असं लिहिलं की समोरच्याला कळतं की बाई जिंकायला बसलेली नाही.

एकदा अशीच एका संस्थानाच्या वंशावळीवरून दोघांची जुंपली होती. एक जण एका ग्रंथाचा पृष्ठ १४२ दाखवत होता, दुसरा म्हणत होता १४२ वर असं काहीच नाही. मी बसनं जाऊन दोन्ही आवृत्त्या समोर ठेवल्या. पहिल्या आवृत्तीत ते वाक्य १४२ वर, दुसऱ्या आवृत्तीत लेखकानं स्वतःच गाळलेलं. दोघांनीही खोटं सांगितलं नव्हतं. म्हणून संदर्भ देताना आवृत्ती आणि साल लिहा. मुद्रितशोधकाचा हा हट्ट समजा, पण त्या दिवशी तो तिकिटाच्या पैशात वसूल झाला.

निकाल आपण द्यायचा नाही

पुण्यात सार्वजनिक गणेशोत्सव आधी कुणी सुरू केला? गणपती जवळ आले की हा विषय पेटतो. भाऊसाहेब रंगारी मंडळाचं म्हणणं १८९२, भाऊसाहेब रंगारी. बहुतेकांच्या पाठ्यपुस्तकात १८९३, लोकमान्य टिळक. २०१७ मध्ये सव्वाशेव्या वर्षाच्या सोहळ्याच्या वेळी तो वाद चांगलाच गाजला होता. आता असा वाद विकिपीडियाच्या पानावर आला की दोन्ही बाजूंना वाटतं, लेखातलं एक क्रियापद आपल्या बाजूला वळलं की आपण जिंकलो.

आपण न्यायाधीश नाही. कोण काय म्हणतं, कशाच्या आधारे म्हणतं, एवढं लिहून मोकळं व्हायचं. "टिळकांनी सुरू केला" या वाक्याच्या जागी टिळकांनी १८९३ पासून उत्सवाला व्यापक राजकीय-सामाजिक रूप दिलं असं अमक्या ग्रंथात म्हटलंय, आणि भाऊसाहेब रंगारींनी १८९२ मध्ये गणपती बसवला असा मंडळाचा दावा आहे, अशी दोन वाक्यं. ज्याचं वाक्य त्याच्या नावावर. यात एक खाच आहे, ती नव्यांना कळत नाही. दोन बाजू आहेत म्हणून दोघींना निम्मी-निम्मी जागा द्यायची नसते. जाणकारांच्या लेखनात ज्या मताला जेवढं वजन, तेवढीच जागा. नाहीतर पृथ्वी सपाट आहे म्हणणाराही अर्धं पान मागेल.

"तथाकथित", "थोर", "कुप्रसिद्ध", "वंदनीय" अशी विशेषणं काढली की बरेच वाद आपोआप मरतात. विशेषण काढताना सांगून काढा, गुपचूप काढलंत की भावना दुखावल्याचा पुढचा अंक सुरू होतो.

नावांचे वाद

ही वेगळीच जात आहे. यात दोन्ही बाजूंकडे पुरावे असतात आणि तरी वाद संपत नाही, कारण प्रश्न माहितीचा नसतोच. लकडी पुलाचं अधिकृत नाव छत्रपती संभाजी महाराजांचं आहे. पण रिक्षावाल्याला लकडी पूलच सांगावं लागतं, पुलात आज लाकडाचा तुकडा नसला तरी. लेखाचं शीर्षक काय ठेवायचं? मी सुचवते की कुठलंही एक ठेवा, दुसऱ्या नावावरून पुनर्निर्देशन करा, आणि पहिल्या ओळीत दोन्ही ठळक अक्षरांत द्या. पुनर्निर्देशन फुकट असतं. वाचक कुठलंही नाव शोधो, एकाच जागी येतो.

शहरांच्या नावाला काळ असतो. औरंगाबादचं नाव २०२३ मध्ये अधिकृतपणे छत्रपती संभाजीनगर झालं. त्यानंतर कुणी उत्साहानं सगळ्या लेखांत सरसकट शोधून बदललं, तर १९५० सालचा जन्मही छत्रपती संभाजीनगरचा होतो आणि पुस्तकांची मूळ शीर्षकंसुद्धा बदलून जातात. जुन्या घटनेला त्या वेळचं नाव, पहिल्या उल्लेखात "आताचे" म्हणून नवं नाव, असा तोडगा सुचवा. इंग्रजी विकिपीडियावर पोलंडमधल्या ग्दान्स्क शहरावरून असंच महायुद्ध झालं होतं. २००५ मध्ये कौल घेऊन शेवटी ठरलं की १३०८ ते १९४५ या काळाबद्दल लिहिताना डान्झिग, त्याच्या आधी आणि नंतर ग्दान्स्क. सगळे खूश झाले असं नाही, पण रोजची मारामारी थांबली. आणि त्याच विकिपीडियावर दह्याच्या लेखाच्या शीर्षकात एक "एच" हवा की नको (yoghurt की yogurt) यावर वर्षानुवर्षं खल चालला, तो २०११ मध्ये मिटला. दह्यावरून! हे वाचलं तेव्हा मला मराठी माणसाबद्दल जरा बरं वाटलं.

शुद्धलेखन, म्हणजे माझा स्वतःचा दोष

इथे मी कुणाला शिकवायला नको, पण लिहिते. साहित्य महामंडळाचे १९६२ चे चौदा नियम आणि १९७२ मध्ये जोडलेले चार, असे अठरा नियम मला झोपेत म्हणता येतात. विकिपीडियावर आले तेव्हा मी प्रत्येक लेखातली ऱ्हस्व-दीर्घ सुधारत सुटले. एका मुलानं, तो मराठवाड्यातला असावा, त्याच्या गावच्या बारवेवर फार सुरेख लेख लिहिला होता. पायऱ्या किती, पाणी कधी आटतं, दगड कुठला, सगळं. त्यानं वाक्य लिहावं आणि दहा मिनिटांत मी वेलांटी फिरवावी. तो लिहितोय आणि मागे मी, असं सहा वेळा झालं. दोनदा त्याची जतन करायची वेळ आणि माझी एकच आली, त्याचा मजकूर अडकला. सातव्या दिवशी त्यानं चर्चापानावर लिहिलं, "मग तुम्हीच लिहा." त्यानंतर ते खातं हललेलं नाही.

त्या बारवेचा लेख आज व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे आणि अर्धवट आहे.

म्हणून आता माझे नियम असे. कुणी लिहीत असेल तर दोन दिवस थांबायचं, आणि तेही एकदाच जाऊन सगळं करायचं. दोन्ही रूपं चालत असतील, जसं "कोणी" आणि "कुणी", तर ज्यानं आधी लिहिलं त्याचं ठेवायचं. अवतरणातलं आणि जुन्या पुस्तकाच्या नावातलं लेखन कधीच बदलायचं नाही. बोलीतला शब्द दिसला तर तो चूक नाही, शब्द आहे. आणि आधी लेख चांगला झालाय असं सांगायचं, मग वेलांटी. छापखान्यात लेखकाला मी कधी असं सांगितलं नव्हतं, कारण तो आम्हाला पैसे देत होता. इथे तो फुकट लिहितो.

तिसरा माणूस आणायचा कुठून

चर्चापानावर दोघांचं सात-आठ निरोपांत जमलं नाही तर पुढे दोघांनीच बोलत राहण्यात अर्थ नाही. इंग्रजीत यासाठी मोठी उतरंड आहे. दोघांच्याच वादात तिसरं मत मागता येतं, सर्वांसाठी मतं मागवली तर ती चर्चा साधारण तीस दिवस खुली राहते, आणि अगदी टोकाला लवाद समिती, जी मजकुरावर निकाल देतच नाही, फक्त वागणुकीवर देते. मराठी विकिपीडिया १ मे २००३ ला सुरू झाला, पण रोज काम करणारी माणसं थोडी, लवाद समिती नाही. आपल्याकडे चावडी आहे, सगळ्या सदस्यांनी जमून बोलायचं सामायिक पान. नाव किती नेमकं ठेवलंय बघा.

चावडीवर लिहिताना वाद कुठल्या पानावर, कुठल्या वाक्याचा, दोन बाजू काय, हे चार-पाच ओळींत मांडा, आणि समोरच्याची बाजू अशी लिहा की तो स्वतः म्हणाला पाहिजे, "हो, हेच." ते जमत नसेल तर तुम्हाला वाद अजून कळलेला नाही. तिसरा माणूस त्या विषयाशी भावनेनं न बांधलेला बघा. पुण्याच्या वादात मी नागपूरचा किंवा गोव्याचा संपादक शोधते. मिसळीच्या लेखासाठी कोल्हापूरचा मात्र नको.

चर्चा म्हणजे सोसायटीची सर्वसाधारण सभा नव्हे. हात मोजून ठरत नाही, कारणं तोलून ठरतं. कौल घेतात, पण तो लोकांचा कल कळावा म्हणून. त्यामुळे व्हॉट्सॲपच्या गटात "सगळ्यांनी येऊन पाठिंबा द्या" असं टाकू नका. एका रात्रीत कालपरवा उघडलेली अकरा खाती येऊन "सहमत, सहमत" लिहू लागली की कुणालाही कळतं, आणि तुमची खरी बाजूही त्यात बुडते. स्वतःचीच दोन खाती करून स्वतःला अनुमोदन देणारे तर शैलीवरून सापडतात. एकाचा मला "परंतू" या दीर्घ तू वरून संशय आला होता.

पुण्यात एक सोय आहे, प्रत्यक्ष भेटता येतं. दोघांना अमृततुल्यमध्ये बसवून मी दोन वाद मिटवले आहेत. पडद्यावर गुरगुरणारा माणूस समोर क्रीमरोल बुडवून खाताना फारसा भयंकर वाटत नाही. पण इथे जपायच्या गोष्टी आहेत. चहावर ठरलेलं घरी येऊन चर्चापानावर लिहायचंच, आणि "असं आम्हाला वाटतं, इतरांचं मत?" असं विचारून. नाहीतर सांगलीत बसलेल्या तिसऱ्या संपादकाला वाटतं की पुण्याच्या कंपूनं परस्पर ठरवलं, आणि त्याचं चूक नसतं. दुसरं, भेटीत कळलेलं खरं नाव, नोकरी, फोन यातलं काहीही विकिपीडियावर लिहायचं नाही. कधीच नाही, गमतीनंही नाही. आणि कुणाला भेटायचं नसेल तर का म्हणून विचारायचं नाही. बायकांनी तर पहिल्यांदा कुणाला तरी सोबत नेलेलं बरं.

मसुदा लिहायचा असेल तर धूळपाटी, म्हणजे कच्चं लिहायचं सरावाचं पान, वापरा. वादग्रस्त परिच्छेद तिथे न्यायचा, दोघांनी तिथे खोडाखोड करायची, आणि दोघांना चालेल असा झाला की लेखात आणायचा. मूळ लेख तोवर शांत राहतो. मला ही सगळ्यात आवडती जागा, कारण ती गॅली प्रूफासारखी आहे. घाण झाली तरी लेख वाचणाऱ्याच्या वाटेत येत नाही.

जिथे सहमतीची वाट बघायची नाही

थोड्या गोष्टींत चर्चा नंतर, काम आधी. हयात माणसाबद्दल बदनामीकारक आणि बिनसंदर्भाचं काही दिसलं तर लगेच काढा. कुणाच्या पुस्तकातून किंवा संकेतस्थळावरून जसंच्या तसं उचललेलं असेल तर तेही. प्रताधिकार लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं असतो, त्याला बहुमत लागू नाही. "पण माहिती चांगली आहे" हे उत्तर होत नाही. उलट बाजूनं, ज्ञानकोशकार श्री. व्यं. केतकर १९३७ मध्ये वारले, त्यांचा ज्ञानकोशातला मजकूर घ्यायला हरकत नाही, पण तो शंभर वर्षांपूर्वीचा आहे हे विसरून "सध्या येथील लोकसंख्या" म्हणून चिकटवू नका. असं एका तालुक्याच्या लेखात झालं होतं.

शिव्या, जातीवरून बोलणं, धमकी, याला उत्तर देऊ नका. त्या बदलाचा दुवा आणि वेळ टिपून प्रचालकांना कळवा. शक्य तर वादात नसलेल्या प्रचालकांना. मागणी नेमकी हवी: पान काही दिवस सुरक्षित करा, किंवा या खात्याला समज द्या. पान सुरक्षित होतं तेव्हा ते हमखास "चुकीच्या" आवृत्तीवर होतं, हा दोन्ही बाजूंचा अनुभव आहे. त्यावरून प्रचालकांशी नवं भांडण काढू नका. प्रचालकांबद्दलच तक्रार असेल तर आधी चावडी, आणि गंभीर छळाची असेल तर वर जायला मेटा-विकी, म्हणजे सगळ्या विकी प्रकल्पांचं सामायिक संकेतस्थळ, आहे. विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया फाउंडेशननं सगळ्या प्रकल्पांसाठी एक वैश्विक आचारसंहिता केली आहे, विश्वस्त मंडळानं ती डिसेंबर २०२० मध्ये मंजूर केली. ती माहीत असावी. मला अजून लागलेली नाही.

हरलात तर

हराल. मी बऱ्याचदा हरते. पाच जणांना एक वाक्य पटतं, मला पटत नाही, माझ्याकडे पुरेसा पुरावा नाही. अशा वेळी चर्चापानावर एक शेवटची नोंद करायची: माझं मत हे, आधार हा, पृष्ठ हे, सध्याची सहमती मान्य. सही, तारीख. उद्या कुणाला नवीन कागद सापडला तर त्याला ती नोंद कामाला येईल. मग पान पहाऱ्याच्या सूचीतून काढून टाकायचं आणि दुसऱ्या एखाद्या लेखाकडे वळायचं. मराठीत न लिहिलेले विषय इतके पडलेत की भांडायला वेळ मिळतो हेच आश्चर्य.

माझं असं एक वाक्य पेशवाईतल्या एका लेखात आहे. त्यातलं एक क्रियापद मला आजही खटकतं. पान मी सूचीतून काढलं आहे. महिन्यातून एकदा, चहा गाळून झाला की, सहज जाऊन बघून येते.